आयुष्मान कार्डाच्या संकेतस्थळावर नाव सापडत नाही: काय तपासायचं, कोणत्या क्रमानं

मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला, राज्य महाराष्ट्र निवडलं, जिल्हा निवडला, आधार क्रमांक भरला आणि शोधाचं बटण दाबलं. खाली इंग्रजीत एकच ओळ आली, लाभार्थी सापडला नाही. बहुतेक लोक इथेच फोन खाली ठेवतात. "आपलं नाव यादीत नाही" असं घरात सांगतात आणि पुढच्या आजारपणाला दागिने गहाण पडतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. पालकांना कळलं की सरांना फोनवरचं जमतं, तेव्हापासून शाळा सुटल्यावर कुणी ना कुणी आधार कार्ड घेऊन येतंच. इतक्या वेळा ही ओळ पाहिल्यावर माझी एक खात्री झाली आहे. "सापडत नाही" म्हणजे "पात्र नाही" असं मुळीच नाही. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की तुम्ही निवडलेल्या योजनेत, निवडलेल्या जिल्ह्यात, तुम्ही भरलेल्या आकड्याला किंवा स्पेलिंगला जोडलेली नोंद संगणकाला मिळाली नाही. नोंद वेगळ्या नावानं असू शकते, वेगळ्या गावात असू शकते, किंवा तुमचा हक्क दुसऱ्याच यादीतून येत असतो. तिन्ही शक्यता तपासल्याशिवाय नाद सोडू नका.

आधी आपण कोणत्या यादीत असू शकतो ते ठरवा

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. हे उपचार दाखल होऊन घ्यायचे असतात. बाहेरून तपासून गोळ्या घेतल्या तर त्याचा खर्च यात येत नाही. या योजनेची मूळ यादी कुणी अर्ज करून झालेली नाही. ती २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून काढलेली आहे. खेड्यात घराची आणि रोजगाराची स्थिती पाहून आणि शहरात कामाचा प्रकार पाहून कुटुंबं निवडली गेली. म्हणजे तुम्ही शोधताय ती नोंद चौदा-पंधरा वर्षांपूर्वी दारात आलेल्या प्रगणकानं, त्या दिवशी घरात असलेल्या माणसानं जसं सांगितलं तशी केलेली आहे. शोधताना हे सतत डोक्यात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं यातूनच निघतात.

पुढे अन्नसुरक्षेच्या रेशन कार्डांवरची कुटुंबंही, म्हणजे अंत्योदय आणि प्राधान्य गटातली, आयुष्मान कार्डासाठी घेतली गेली. त्यामुळे २०११ मध्ये तुमचं घर सुटलं असेल तरी रेशनच्या नोंदीतून नाव मिळू शकतं.

दुसरी यादी वयाची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वय वंदना कार्ड मिळतं. याला २०११ च्या यादीशी काही देणंघेणं नाही.

तिसरा दरवाजा आपल्या राज्याचा आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावानं चालते. १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या योजनेसोबत एकत्र राबवली जाते आणि १ जुलै २०२४ पासून तिचं संरक्षण राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, ५ लाखांपर्यंत, लागू झालं आहे. पिवळं, केशरी आणि शुभ्र अशी सगळी रेशन कार्डं त्यात आली, आणि रेशन कार्ड नसलेल्यांना अधिवास प्रमाणपत्राचा मार्ग ठेवला आहे. म्हणून महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला आयुष्मानच्या संकेतस्थळानं "सापडत नाही" म्हटलं तरी रुग्णालयाचा रस्ता बंद होत नाही. ही गोष्ट मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगतो आणि दर आठवड्याला ती नवीच असते.

गोव्यात राहणाऱ्यांनी तिथली दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आधी पाहावी. ती वेगळी आहे आणि तिची रक्कम कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर ठरते. तिघांपर्यंत अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख.

आधारनं नाही मिळालं तर

अधिकृत संकेतस्थळ बेनिफिशियरी डॉट एनएचए डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" नसेल तर तिथे आधार क्रमांक भरू नका. कार्ड काढून देतो म्हणून फोनवर ओटीपी मागणाऱ्याला तर काहीच सांगू नका. हेच आयुष्मान नावाच्या ॲपमध्येही करता येतं. लॉगिन करताना "लाभार्थी" हा पर्याय निवडायचा, "ऑपरेटर" नाही. ऑपरेटर हा केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे आणि तिथे अडकलेले लोक मी बरेच पाहिले आहेत.

शोधायचे प्रकार बरेच आहेत: कुटुंब क्रमांक, आधार, नाव, ग्रामीण ठिकाण, शहरी ठिकाण, आधीच कार्ड असेल तर त्याचा क्रमांक. लोक फक्त आधार वापरतात, कारण तो आकडा हाताशी असतो. पण नोंदीला आधार जोडलेलाच नसेल तर आधारनं ती कशी मिळणार? जुन्या यादीत आधार नव्हता. तो नंतर जमेल तसा जोडला गेला. म्हणून आधार हा पहिला प्रयत्न, शेवटचा नव्हे. उपयोजनेच्या रकान्यात एकाहून जास्त पर्याय दिसत असतील तर प्रत्येक निवडून पुन्हा शोधा.

मग नावानं शोधा, आणि इथे मराठी नावांची खरी परीक्षा आहे. यादी इंग्रजी अक्षरांत आहे. ज्ञानेश्वर कुणी "डीएनवाय"नं सुरू करतो, कुणी "जीवाय"नं. लक्ष्मीत कुणी "एक्स" घालतो, कुणी "केएसएच". विठ्ठलमध्ये टी एक की दोन, एच कुठे, याला काही नेम नाही. नावापुढचं "बाई" किंवा "राव" एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर जागा सोडून वेगळा शब्द म्हणून असतं. आधारवर पहिलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा क्रम, तर रेशन कार्डावर आडनाव आधी. आडनावाचं तर विचारूच नका. गावात घराला पाटील म्हणतात म्हणून प्रगणकाला पाटील सांगितलं, आणि शाळेच्या दाखल्यावर मूळ आडनाव, असं एकाच घरात सर्रास आहे.

यावर उपाय एकच. कमी माहिती भरा. पूर्ण नाव न टाकता फक्त पहिलं नाव टाका, बाकी रकाने रिकामे ठेवता येत असतील तर ठेवा. स्वतःच्या नावानं मिळालं नाही तर घरातल्या दुसऱ्या माणसाचं नाव टाका, शक्यतो ज्याच्या नावाचं स्पेलिंग चुकायला वावच नाही अशा माणसाचं. एक माणूस सापडला की त्याच्या कुटुंब क्रमांकावरून सगळं घर समोर येतं.

गावाची यादी उघडा

माझ्या आत्याचं नाव असंच मिळालं. ती परभणी जिल्ह्यात एका लहान गावात राहते. हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन सांगितलं होतं. आधारनं शोधलं, नाही. नावानं शोधलं, चार प्रकारे स्पेलिंग बदललं, तरी नाही. शेवटी ग्रामीण ठिकाण हा पर्याय घेतला, जिल्हा, तालुका, गाव निवडलं आणि तिच्या शेजारी बसून एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागलो. ती प्रत्येकाची ओळख सांगत होती. हा पलीकडच्या गल्लीतला, ही आता पुण्याला असते, हा वारला. एका नावावर मी पुढे गेलो आणि तिनं माझा हात धरला. "थांब, हे आपल्याच घरचं." फुफाजींना गावात ज्या लाडाच्या नावानं हाक मारत, तेच नाव कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलेलं होतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. कागदोपत्री ते नाव कुठेच नाही, ना सातबाऱ्यावर, ना आधारवर. मला ते माहीतही नव्हतं. त्याखाली पत्नी म्हणून आत्या होती, "बाई" न लावता, वय पाच वर्षांनी कमी.

तेव्हापासून मी ज्येष्ठ माणूस सोबत घेतल्याशिवाय शोधायला बसत नाही. २०११ मध्ये घरात कोण होतं, कुणाला काय म्हणत, तेव्हा घर कुठे होतं, हे फक्त त्यांनाच आठवतं. तुम्हीही आईला, आजीला, चुलत्याला शेजारी बसवा.

याच कारणानं जागाही तेव्हाची निवडायची. आता पिंपरीत किंवा सुरतेत राहत असाल आणि सर्वेक्षणावेळी घर बीड जिल्ह्यात असेल, तर राज्य महाराष्ट्र आणि जिल्हा बीड. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी गावाबरोबरच तालुक्यातलं शेजारचं गावही पाहावं, कारण वस्ती कोणत्या गावात धरली गेली हे नेहमी आपल्या समजुतीप्रमाणे नसतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला, म्हणजे सर्वेक्षणानंतर. तिथल्यांना पालघरमध्ये मिळालं नाही तर ठाणे निवडून पाहायला हरकत नाही. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नवी नावं यादीत दिसली नाहीत तर जुन्या नावाखाली शोधा.

लेकी-सुनांचं तर फारच महत्त्वाचं. २०११ मध्ये दहा-बारा वर्षांची असलेली मुलगी आज लग्न होऊन दुसऱ्या गावात आहे. सासरच्या जुन्या यादीत तिचं नाव असणं शक्यच नाही. ते माहेरच्या घरात, लहानपणच्या नावानं असतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आधारवरचं नाव टाकून शंभर वेळा शोधलं तरी हाती काही लागत नाही. माहेरचं गाव निवडा, वडिलांचं नाव टाका. सासरच्या कुटुंबात कुणाचं कार्ड आधीच मंजूर असेल तर त्या कुटुंबात सदस्य वाढवण्याची सोयही आहे. नवी सून, नंतर जन्मलेली मुलं यांच्यासाठीच ती ठेवली आहे. रेशन कार्डात किंवा दुसऱ्या कौटुंबिक कागदात नातं दिसायला हवं. केंद्राच्या योजनेत कुटुंबात किती माणसं, किती वयाची, याला मर्यादा नाही. त्यामुळे "पाचच जणांचं निघतं" असं कुणी सांगितलं तर ते धरून बसू नका.

२०१८ मध्ये पंतप्रधानांचं नाव असलेलं एक पत्र बऱ्याच घरी टपालानं आलं होतं. त्यावर कुटुंब क्रमांक आहे. ट्रंकेत, देवघराच्या मागे, फाइलीत कुठेतरी असेल. ते मिळालं तर वरचा सगळा खटाटोप वाचतो.

नाव सापडलं, पण ओटीपी आणि केवायसीत अडलं

इथे दोन वेगळे ओटीपी असतात हे बहुतेकांना ठाऊक नसतं. लॉगिनचा ओटीपी तुम्ही भरलेल्या मोबाइलवर येतो, तो मोबाइल कुणाचाही चालतो. ई-केवायसीचा, म्हणजे आधारवरून ओळख पटवण्याचा, ओटीपी मात्र आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो. आजोबांचा आधारला जोडलेला नंबर दोन सिमांपूर्वीचा असेल तर ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जात असतो आणि तुम्ही वाट पाहत बसता. अशा वेळी ओटीपीचा नाद सोडून चेहरा, बोट किंवा डोळ्याच्या बुबुळाचा पर्याय घ्या. शेतात आणि भांडी घासण्यात आयुष्य गेलेल्यांच्या बोटांचे ठसे यंत्राला लागत नाहीत. त्यांच्यासाठी चेहऱ्याचा पर्याय चांगला, उजेडात बसवून, डोक्यावरचा पदर किंवा टोपी जरा मागे घेऊन. घरी जमत नसेल तर आपले सरकार सेवा केंद्र किंवा गावातल्या आशाताई.

केवायसी झाल्यावर आधारवरचं नाव, वय आणि यादीतलं नाव, वय यांची जुळणी होते. चांगली जुळली तर कार्ड लवकर मंजूर होतं. नाही जुळली तर माणूस तपासतो, आणि कधी नाकारतो. नाकारलं म्हणजे कायमचं संपलं असं नाही, केवायसी पुन्हा करता येते. पण त्याआधी नावातला फरक समजावणारा कागद हाताशी ठेवा. दोन्हींतलं नातं दाखवणारं रेशन कार्ड सगळ्यात उपयोगी. आधारवर वय किंवा नावच चुकलेलं असेल तर आधी आधार दुरुस्त करा, नाहीतर पुढच्या प्रत्येक ठिकाणी तीच ठेच लागेल.

संकेतस्थळ सारखं गोल फिरत राहिलं तर पहाटे किंवा रात्री उशिरा करा.

सत्तरीच्या पुढच्यांनी जुन्या यादीत शोधू नये

७० पूर्ण झालेल्या माणसाचं नाव नेहमीच्या शोधात टाकून लोक निराश होतात. त्यांच्यासाठी संकेतस्थळावर आणि ॲपमध्ये वेगळी नोंदणी आहे. लागतं फक्त आधार, आणि वय आधारवरचंच धरतात. आपल्याकडे पुष्कळ जुन्या माणसांचं आधारवरचं वय अंदाजानं लिहिलेलं आहे. खरं वय ७३ आणि आधारवर ६८, अशी एक आजी आमच्या शेजारी आहे. तिला आधार दुरुस्तीशिवाय पर्याय नव्हता.

कुटुंब आधीच योजनेत असेल तर ज्येष्ठांना वर्षाला आणखी ५ लाखांचं वेगळं संरक्षण मिळतं, ते घरातल्या इतरांबरोबर वाटून घ्यावं लागत नाही. नोंदणी करताना इतर सरकारी योजनांचा प्रश्न येतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं, म्हणून तिथे घाईनं काही टिचकी मारू नका. खासगी विमा किंवा कामगार विमा असेल तर मात्र हे कार्डही घेता येतं. मुलानं काढलेला मेडिक्लेम आहे म्हणून आईचं कार्ड काढलं नाही, असं मी दोन घरांत पाहिलं.

सगळं करूनही नाव नाही

मग राज्याच्या योजनेकडे वळा. तिथे आधी स्वतःचं रेशन कार्ड तपासा. बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का, घरातल्या सगळ्यांची नावं त्यावर चढलेली आहेत का, नावं आधारशी जुळतात का. कमी असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत आजारपणाआधीच दुरुस्ती करून घ्या. रुग्ण दाखल असताना त्या रांगेत उभं राहणं काय असतं ते मी पाहिलं आहे.

योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे जायचं, नोंदणी तो करतो. तातडीचा रुग्ण असेल तर फोनवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करण्याची आणि कागद मागाहून देण्याची सोय आहे. दाखल करतानाच "आम्हाला योजनेतून करायचं आहे" हे स्पष्ट सांगा. नंतर सांगितलं तर भरलेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

रुग्णालय शोधतानाही एक गफलत होते. संकेतस्थळावर रुग्णालयाचं नाव दिसलं म्हणजे तिथे सगळंच होतं असं नाही. रुग्णालय ठरावीक विभागांसाठी योजनेत असतं. आत्याला आम्ही पहिल्यांदा नेलं ते रुग्णालय यादीत होतं, पण हाडांसाठी. हृदयासाठी नव्हतं. दोन तास गेले. म्हणून जिल्ह्याबरोबर विभागही निवडून शोधा, आणि निघण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला फोन करून आजाराचं नाव सांगून विचारा. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेही तोच सांगेल.

फोन करायचे क्रमांक: केंद्राच्या योजनेसाठी १४५५५, राज्याच्या योजनेसाठी १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. फोन लावताना रेशन कार्ड आणि आधार समोर ठेवा. योजनेतल्या उपचाराला कुणी पैसे मागितले तर याच क्रमांकांवर तक्रार नोंदवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घ्या, नाहीतर पुढच्या फोनला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं.

आणि कार्ड निघालं की त्याच दिवशी कुटुंब क्रमांक रेशन कार्डाच्या आतल्या पानावर पेनानं लिहून ठेवा. आत्याचं ऑपरेशन झाल्यावर तिच्या दोन्ही लेकींची कार्डं त्याच क्रमांकावरून, फुफाजींच्या त्या नावाखालून, पंधरा मिनिटांत सापडली.